समुद्राकाठच्या रिसॉर्ट कोर्सवर पाहुण्यांचा राउंड: आखणी कशी करू?

अठरावाहोल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

दोन महिन्यांनी आम्ही घरचे चौघे समुद्राकाठच्या एका रिसॉर्टला तीन रात्रींसाठी जातोय. रिसॉर्टचा स्वतःचा अठरा होलचा कोर्स आहे, शेवटचे पाच होल पाण्याला अगदी लागून. आम्ही सगळे आजवर आतल्या भागातल्या, झाडांनी वेढलेल्या कोर्सवर खेळत आलोय. समुद्रावरचा वारा गोल्फमध्ये काय करतो ते फक्त टीव्हीवर पाहिलंय.

चौघे म्हणजे मी (इंडेक्स, म्हणजे हँडिकॅपचा आकडा, १८ च्या आसपास; आकडा जितका कमी तितका खेळ चांगला), बायको (३०), धाकटा भाऊ (वर्षभरापूर्वी सुरुवात, इंडेक्स अजून नाही, पण फटका लांब) आणि बाबा. बाबा ७३ वर्षांचे आहेत. माझ्या हातात पहिला क्लब त्यांनीच दिला. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता हळूहळू पुन्हा खेळायला लागलेत. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारा क्लब) साधारण १७५ यार्ड जातो. समुद्राकाठी एकदा खेळायचं हे ते मी शाळेत असल्यापासून म्हणताहेत. म्हणून माझ्या स्कोअरचं काहीही होवो, बाबांचे अठरा होल नीट पार पडायला हवेत.

घोडं अडलंय ते इथे: टी टाइम (राउंड सुरू करायची वेळ) कुठली घ्यावी, कुठल्या टीवरून (होलचा पहिला फटका मारायच्या जागेवरून) खेळावं, वाऱ्याचा हिशेब कसा करावा, आणि बुकिंग करताना नेमकं काय काय विचारून घ्यावं? जे खेळून आलेत त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.


मतलई

सगळ्यात आधी टी टाइम, कारण बाकीचं बरंचसं तिच्यावर ठरतं.

शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात ना? तोच धडा इथे उपयोगी पडतो. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते. हा खारा वारा साधारण सकाळ सरता सरता सुरू होतो, दुपारी जोरात असतो आणि संध्याकाळी पडतो. रात्री उलटा प्रकार. त्यामुळे हवामानात मोठी उलथापालथ नसेल तर पहाटेनंतरचे दोन-तीन तास समुद्राकाठी सर्वात शांत असतात.

आता हे तुमच्या कोर्सवर बसवून बघा. पाण्यालगतचे होल शेवटी आहेत. अठरा होलला चार ते पाच तास लागतात. सकाळी साडेसातला सुरुवात केली तर चौदाव्या होलला तुम्ही साडेदहा-अकराला पोचाल, वारा नुकता अंगावर येऊ लागलेला असेल. साडेदहाला सुरुवात केली तर तेच पाच होल ऐन दुपारच्या वाऱ्यात. पहिल्या तासातली जी वेळ मिळेल ती घ्या.

लवकरच्या वेळेचा आणखी एक फायदा म्हणजे पुढे कोणी नसतं. दोन गटांच्या सुरुवातीत सहसा आठ ते बारा मिनिटांचं अंतर असतं. सकाळी एकेका गटाने दोन-दोन मिनिटं जरी उशीर केला तरी दुपारपर्यंत तो साचत जातो आणि प्रत्येक टीवर थांबावं लागतं. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला चालण्याइतकाच हा थांबून थांबून खेळण्याचा त्रास होतो. बसलं की आखडतो, उठलं की दुखतो.


लांबपल्ला

मतलई यांना अनुमोदन. माझा अनुभव लिहितो, म्हणजे कोणी त्याच खड्ड्यात पडू नये. आम्ही एका रिसॉर्टच्या खोलीच्या बुकिंगबरोबरच राउंड घेतला होता. वेळ त्यांनी परस्पर दिली, दुपारी दीडची. आम्हीही सूर्यास्ताची वेळ बघितली नाही. पुढे एका कंपनीच्या खेळाडूंचे सहा गट होते. पंधराव्या होलवर अंधारून आलं आणि ज्या तीन होलसाठी एवढ्या लांब गेलो होतो ते आम्ही कार्टमधून नुसते बघितले. पाणी ऐकू येत होतं, दिसत नव्हतं.

तेव्हापासून खोलीचं बुकिंग वेगळं आणि टी टाइमचं वेगळं. प्रो शॉपला (कोर्सच्या बुकिंग काउंटरला) स्वतः फोन करतो आणि विचारतो: त्या दिवशी स्पर्धा किंवा मोठा ग्रुप आहे का? शॉटगन स्टार्ट आहे का? (सगळे गट एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुरू करतात, तेव्हा कोर्स अर्धा दिवस बंदच धरा.) ग्रीनचं (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताचं) एअरेशन कधी केलंय किंवा करणार आहेत? ग्रीनला भोकं पाडून वाळू भरली की एक-दोन आठवडे पुटिंग धडधडत होतं. हे वेबसाइटवर बहुधा नसतं, विचारलं तर मात्र खरं सांगतात.


डावखुरी

टीबद्दल मी लिहिते, कारण याच विषयावर आमच्या गटात दरवेळी वाद होतो.

एका गटातल्या सगळ्यांनी एकाच टीवरून खेळायला हवं असा कुठेही नियम नाही. अमेरिकेत ‘टी इट फॉरवर्ड’ नावाची मोहीम झाली होती, त्यांचा तक्ता मी पाठ करून ठेवलाय. ड्रायव्हर २५० यार्ड जात असेल तर कोर्सची एकूण लांबी ६२०० ते ६४०० यार्ड, २२५ ला ५८०० ते ६०००, २०० ला ५२०० ते ५४००, आणि १७५ ला ४४०० ते ४६००. तुमच्या बाबांचा आकडा शेवटचा. स्कोअरकार्ड मागवून सगळ्यात पुढच्या टीची लांबी बघा. त्या टीला अजूनही ‘लेडीज टी’ म्हणणारे लोक भेटतील, तिकडे लक्ष देऊ नका. टीला रंग असतो, बाई-पुरुष नसतो.

हँडिकॅपचं (मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीचं) गणित त्या टीप्रमाणे आपोआप बदलतं. २०२० पासून जगभर एकच पद्धत आली आहे: इंडेक्स गुणिले स्लोप भागिले ११३, अधिक कोर्स रेटिंग (तरबेज खेळाडूला त्या टीवरून लागणारे फटके) वजा पार (अपेक्षित फटके). स्लोप (साधारण खेळाडूला ती टी किती जड जाते त्याचा आकडा) ५५ ते १५५ च्या मध्ये असतो, ११३ म्हणजे प्रमाण धरलेला. वेगवेगळ्या टीवरून खेळूनही चौघांना एकमेकांशी नीट खेळता येतं ते याचमुळे.

आणि स्ट्रोक प्ले (सगळे फटके मोजायचे) खेळू नका, स्टेबलफोर्ड खेळा. आपल्या हँडिकॅपसकट पार केला तर २ गुण, बोगीला (पारपेक्षा एक जास्त) १, बर्डीला (एक कमी) ३, बोगीपेक्षा वाईट झालं तर शून्य. शून्य पक्कं झालं की चेंडू उचलायचा आणि पुढे निघायचं. वाऱ्यात एखाद्या होलवर ११ लागले तरी दिवस नासत नाही. तुमच्या भावाला आणि बाबांना तर हे फारच सोयीचं.


रफमधून

डावखुरी ताई, आदर ठेवून असहमत. इतकी वर्षं वाट पाहून माणूस समुद्राकाठी जातो, आणि तिथे सगळ्यात पुढच्या टीवरून खेळायचं? अशा कोर्सची खरी मजा मागच्या टीवरून आहे. कड्यावरून पाण्यावरून मारायचा फटका पुढच्या टीवरून राहतच नाही. निदान कोर्सची ओळख असलेले दोन-तीन होल तरी मागून खेळावेत.


डावखुरी

दोन-तीन होलबद्दल माझी हरकत नाही. मागे कोणी नसेल तर मागच्या टीवर जा, एक चेंडू मारा, फोटो काढा. पण पूर्ण राउंड मागून खेळलात तर काय होतं ते सांगते. १७५ यार्ड मारणारा माणूस ४०० यार्डांच्या पार ४ ला समोरच्या जोरदार वाऱ्यात तीन फटक्यांतही ग्रीनवर जेमतेम पोचतो. प्रत्येक होलवर फेअरवे वूड (लांब मारायचा क्लब), फेअरवे वूड, फेअरवे वूड. ग्रीनवर मारायचा नेमका आयर्न (छोट्या, अचूक फटक्याचा क्लब) त्याच्या हातात दिवसभरात एकदाही येत नाही. मग कोर्स ज्याने आखला त्याने ग्रीनभोवती जे काही मांडून ठेवलंय, ते त्याने खेळून पाहिलंच नाही. समुद्र पुढच्या टीवरूनही तेवढाच दिसतो.


रफमधून

हा मुद्दा मला पटला. बाबांना आयर्न हातात घेऊन ग्रीनकडे बघायला मिळायला हवं, हे मान्य. माझं म्हणणं दोन होलपुरतं ठेवतो.


मतलई

आता वारा. ढोबळ हिशेब असा: समोरून १० मैल वेगाचा वारा (ताशी १६ किलोमीटर) असेल तर अंतर सुमारे १० टक्क्यांनी वाढलं समजा. तोच वारा पाठीमागून असेल तर फक्त ५ टक्क्यांनी कमी झालं समजा. समोरचा वारा जेवढं घेतो तेवढं पाठचा वारा परत देत नाही, ही गोष्ट आतल्या कोर्सवरून येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. १५० यार्डांचा फटका २० मैलांच्या समोरच्या वाऱ्यात १८० चा होतो, पाठच्या वाऱ्यात १३५ चा. म्हणजे एकाच अंतराला जाताना ५ वूड आणि येताना ९ आयर्न लागू शकतो.

आणि समोरच्या वाऱ्यात जोर लावू नका. जोरात मारलं की बॅकस्पिन वाढतो, चेंडू वर चढतो आणि तिथेच जीव सोडतो. दोन क्लब जास्त घ्या, पकड थोडी खाली धरा, चेंडू स्टान्समध्ये किंचित मागे ठेवा, तीन चतुर्थांश स्विंग करा आणि फिनिश छातीच्या उंचीवर थांबवा. जायच्या आधी रेंजवर हा एकच फटका शंभर वेळा घोटला तरी पुष्कळ.

कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच कोर्सचा ७ वा होल सगळ्यांना माहीत असतो, जेमतेम १०६-१०७ यार्डांचा, खाली उतरता, तीन बाजूंनी पॅसिफिक. शांत हवेत तिथे वेज (सगळ्यात छोट्या, उंच फटक्याचा क्लब) लागतो. १९९२ च्या यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी वारा असा होता की टॉम काइटने तिथे ६ आयर्न काढला. ग्रीन चुकला, पण चिप थेट होलमध्ये गेली आणि स्पर्धा त्यानेच जिंकली. जे विजेत्याने केलं ते आपण करायला लाजू नये: लहान होलला लांब क्लब.

पाठच्या वाऱ्याची बाजूही बघा. २००९ ची ब्रिटिश ओपन, स्कॉटलंडमधलं टर्नबेरी. टॉम वॉटसन ५९ वर्षांचा, शेवटच्या होलवर फक्त पार हवा होता. ८ आयर्न मनासारखा लागला, पण ग्रीनवर पडून मागे निघून गेला. तिथून बोगी झाली आणि प्लेऑफमध्ये तो स्टुअर्ट सिंककडून हरला. मला आजही तो चेंडू ग्रीनच्या मागच्या कडेकडे जाताना दिसतो. कडक जमीन आणि पाठचा वारा असेल तर ग्रीनच्या अलीकडे पाडून घरंगळत न्यावं लागतं. बाबांना ही स्पर्धा आठवत असणार, बोला त्यांच्याशी.


अठरावाहोल

मतलई, बाबांना विचारलं. ते म्हणाले, “मी तेव्हा टीव्हीसमोरून उठून आत गेलो होतो.” ती स्पर्धा त्यांना फटका-फटका आठवते.

बायको विचारतेय, ग्रीनजवळ वेज वापरायचा की नाही? वाळूवरची जमीन म्हणजे नेमकं काय वेगळं?


मतलई

जमीन दोन प्रकारची असू शकते, आधी ते विचारा. थंड प्रदेशातल्या जुन्या लिंक्सवर (समुद्राकाठच्या कोर्सवर) वाळूवर उगवलेलं बारीक फेस्क्यू गवत असतं. जमीन कडक, चेंडूखाली गवताची गादी नाही. तिथे वेजने उंच उडवायला गेलं की क्लब जमिनीवर आपटून चेंडूच्या पोटात लागतो आणि चेंडू ग्रीनपार. ग्रीनपासून वीस यार्डांवर आहात आणि मधे काही नाही, तर सरळ पटर घ्या. थोडं लांब असेल तर ७ किंवा ८ आयर्नने पटसारखाच फटका मारा, दोन फूट उडेल आणि बाकी धावेल.

उष्ण प्रदेशातल्या रिसॉर्टवर बहुधा बर्म्युडा किंवा सीशोर पास्पालम असतं. पास्पालमला खारं पाणी चालतं म्हणून समुद्राकाठी ते लावतात. गवत चिवट आणि दाट, चेंडू त्यावर छान उभा राहतो पण धावत नाही. इथे कडेवरून पटर मारला तर गवत चेंडूला धरून ठेवतं, वेज बरा. बर्म्युडाच्या ग्रीनवर गवताची लव कुठल्या दिशेला पडलीय ते बघायला विसरू नका. लव चकाकते त्या दिशेला पट पळतो, गडद दिसते त्या दिशेला अडतो.


नियमपुस्तक

स्थानिक नियम. स्कोअरकार्डाच्या मागच्या बाजूला असतात आणि बहुतेक पाहुणे कार्ड उलटून बघत नाहीत. समुद्राकाठी मात्र ते वाचल्याशिवाय पहिल्या टीवर जाऊ नये.

पहिला प्रश्न किनाऱ्याचा. काही कोर्स किनाऱ्याला पेनल्टी एरिया (एक फटका दंड भरून बाहेर यायची जागा) धरतात, काही आउट ऑफ बाउंड्स (कोर्सच्या हद्दीबाहेर). फरक मोठा आहे. लाल खुंट्या असतील तर एक पेनल्टी घेऊन, चेंडू जिथून आत गेला तिथून दोन क्लबच्या अंतरात टाकता येतो. पांढऱ्या असतील तर जिथून मारला तिथूनच पुन्हा. लाल खुंट्यांच्या आत चेंडू खेळण्याजोगा असेल तर २०१९ पासून क्लब टेकवायलाही परवानगी आहे. पण ओहोटीच्या वेळीच ते शक्य असतं, म्हणून भरतीची वेळ बघून ठेवा. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते.

दुसरं, वाळूचे टेकाड. त्यावरची झाडी जपण्यासाठी बरेच कोर्स तो भाग खेळायला बंद ठेवतात, खुंट्यांची टोकं बहुधा हिरवी असतात. तिथे चेंडू दिसत असला तरी आत पाऊल टाकायचं नाही.

तिसरं, वाळूचे मोठे उघडे पट्टे. तो बंकर (वाळूचा मुद्दाम केलेला खड्डा) आहे की वेस्ट एरिया (नुसती मोकळी वाळू) हे विचारा. अमेरिकेतल्या किआवा आयलंडच्या ओशन कोर्सवर २०१२ आणि २०२१ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये एकही वाळूची जागा बंकर धरली नव्हती, सगळीकडे क्लब टेकवायला मोकळीक होती. बंकर असेल तर मारण्याआधी वाळूला क्लब लावायचा नाही. शिंपले, खडे मात्र बंकरमधूनही उचलता येतात, फक्त चेंडू हलता कामा नये.

आणि वाऱ्याचा नियम, जो हमखास लागतो. ग्रीनवर तुम्ही चेंडू उचलून, पुसून परत ठेवलात आणि त्यानंतर वाऱ्याने हलला, तर तो मूळ जागी आणून ठेवायचा. अजून उचललाच नव्हता आणि हलला, तर नव्या जागेवरून खेळायचं. दोन्हीत पेनल्टी नाही. म्हणून वारा असेल तर ग्रीनवर पोचल्या पोचल्या खूण करून चेंडू उचला आणि परत ठेवा.

भावासाठी: शोधायला तीन मिनिटं, पाच नाहीत. आणि चेंडू नक्की समुद्रातच गेला असेल तर प्रोव्हिजनल (पहिला सापडला नाही तर म्हणून मारलेला राखीव चेंडू) मारता येत नाही. तो प्रोव्हिजनल राहत नाही, तोच तुमचा खेळातला चेंडू होतो.

विजांचा भोंगा: एकच लांब आवाज म्हणजे हातातला फटकाही न मारता लगेच थांबायचं.


डावखुरी

क्लब भाड्याने घेणार असाल तर आताच कळवा. डावऱ्यांचा सेट मला दोनदा मिळालेला नाही, आणि ज्येष्ठांसाठी हलक्या शाफ्टचे सेटही मोजकेच असतात. बाबांचे स्वतःचे क्लब नेलेत तर उत्तम. विमानात नेताना ड्रायव्हरचं डोकं काढून कपड्यांत गुंडाळा, रेंजफाइंडर (अंतर मोजायची दुर्बीण) हातातल्या बॅगेत.

ग्लोव्ह दोन न्या, एक ओला झाला की बदलायला. छत्रीचा समुद्राकाठी उपयोग नाही, वाऱ्याला अडवणारं पातळ जॅकेट न्या, ज्यात स्विंग अडकत नाही.


लांबपल्ला

एक राहिलंच. कार्ट फेअरवेवर नेता येते का ते त्या दिवशी सकाळीही विचारा. पाऊस झाला असेल तर ‘फक्त पाथवरूनच’ असं सांगतात. मग प्रत्येक फटक्याला पाथपासून चेंडूपर्यंत आडवं चालावं लागतं, आणि तुमचे बाबा पायी खेळण्याइतकंच चालतील. बऱ्याच कोर्सवर पायाचा त्रास असलेल्यांना कार्टवर लावायला वेगळा झेंडा देतात, त्याने कार्ट ग्रीनच्या बरीच जवळ नेता येते. कुणी आपणहून सांगत नाही, मागावा लागतो. कधी डॉक्टरांची चिठ्ठी लागते.


अठरावाहोल

लांबपल्ला, तुमचा हा एक प्रतिसाद माझ्यासाठी सगळ्यात मोलाचा. आज प्रो शॉपला फोन केला. झेंडा आहे, आधी कळवलं तर कार्टवर लावून ठेवतात, चिठ्ठी लागत नाही. त्या आठवड्यात बुधवारी स्पर्धा आहे, आम्ही मंगळवारी सकाळी ७:२० ची वेळ घेतली. गवत पास्पालम. सगळ्यात पुढची टी ४,७०० यार्ड, बाबा तिथून. बायको त्याच्या मागच्या टीवरून, मी आणि भाऊ ५,९०० वरून. भावाची कुरकुर होती, त्याला वाऱ्याचा हिशेब वाचायला दिला.

जाऊन आलो की लिहितो.


अठरावाहोल

मंडळी, परत आलो. वृत्तांत देणं लागतोच.

पहिले नऊ होल झाडाचं पान हललं नाही. बाबांनी पाचव्या होलवर पार केला. बायको म्हणाली, उगाच एवढी तयारी केली. दहाव्या होलच्या टीवर उभे होतो तेव्हा कार्टवरचा तो झेंडा पहिल्यांदा फडफडला आणि बाबा म्हणाले, “आला.” त्यानंतर चेंडू हवेत गेला की तो कुठे पडेल याचा आम्हाला पत्ता नव्हता. तेराव्यावर भावाने वाऱ्याशी भांडण काढलं. पूर्ण ताकदीने ड्रायव्हर मारला, चेंडू वर चढला, उजवीकडे गेला आणि लाल खुंट्यांपलीकडे. पुढच्या टीवर त्याने आपणहून ५ वूड घेतला आणि पकड दोन इंच खाली धरली.

चौदाव्यापासून समुद्र डाव्या हाताला. जवळून तो एवढा मोठा आवाज करतो हे मला माहीत नव्हतं. कार्टमध्ये शेजारी बसूनही ओरडून बोलावं लागत होतं. हवेत बारीक तुषार होते, चष्म्याच्या काचा दर होलला पुसाव्या लागल्या आणि ग्रिप चिकट झाल्या. सुका टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला होता तो तेव्हा कामाला आला. हे धाग्यात कुणी लिहिलं नव्हतं म्हणून नोंदवतो.

सोळावा होल पार ३. बाबांच्या टीवरून ९८ यार्ड, वारा थेट समोरून. एरवी ते ९ आयर्न घेतात. मी ७ काढून दिला. त्यांनी तो परत बॅगेत ठेवला आणि ५ वूड घेतला. पकड खाली, अर्धा स्विंग, फिनिश छातीशी. चेंडू माणसाच्या डोक्याच्या उंचीने गेला, ग्रीनच्या अलीकडे पडला आणि कडेशी थांबला. चौदा-पंधरा फूट. गवताची लव बघायला ते खाली वाकू शकत नाहीत, म्हणून मी बसून बघितली आणि म्हणालो, समुद्राकडे ओढेल. ते म्हणाले, जमीन डोंगराकडून उतरतेय म्हणून ओढेल, समुद्र नुसता पलीकडे आहे. पट आत गेला.

नियमपुस्तक, सतराव्यावर तुमचा नियम लागला. बाबांनी चेंडू पुसून ठेवला, मागे सरकले, आणि तो चार इंच घरंगळला. भाऊ आणि मी एकदमच म्हणालो, परत ठेवा, पेनल्टी नाही.

गुण: बाबा ३४, बायको ३१, मी २७, भाऊ १९. वेळ चार तास वीस मिनिटं. रफमधून, अठराव्यावर मागे कोणी नव्हतं म्हणून आम्ही तिघे मागच्या टीवर गेलो आणि तुमच्या नावाने एकेक चेंडू मारला. बाबा कार्टमध्ये बसून बघत होते.


रफमधून

वाचून फार बरं वाटलं. बाबांना माझा नमस्कार सांगा.


नियमपुस्तक

३४ गुण, त्या वाऱ्यात, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर! वाखुसा (वाचनखूण साठवली).


मतलई

९८ यार्डांना ५ वूड. त्यांना सांगा, आता ही माझ्या सांगण्यातली नवी गोष्ट. आणि क्लब गोड्या पाण्याने धुतलेत का? तुषार आत गेलेले असतात, पटरच्या मानेशी आणि वेजच्या खाचांत आठवड्याभरात गंज दिसतो.


अठरावाहोल

त्याच संध्याकाळी बाबांनी चौघांचे सगळे क्लब बाथरूममध्ये नेऊन धुतले आणि पुसून रात्रभर बॅगेबाहेर ठेवले. मी करतो म्हटलं तर ऐकलं नाही. स्कोअरकार्डही त्यांनीच मागून घेतलं. ओलं झालं होतं, आता वाळलंय, कडेला मिठाची पांढरी रेघ आहे आणि सोळाव्या होलसमोर त्यांच्या हातचा २.